हरणाच्या कातड्याचे बूट

"माझ्या हातांना वास येतो का तेवढं सांग, बाकी काही विचारू नकोस," असं ढुंढिराज एकदा बायकोला म्हणाला.

दिवेलागण झाली होती. दुर्गाघाटावर बुडी मारून तो ओल्या पंच्यानिशी दारात उभा होता आणि दोन्ही तळवे त्यानं तिच्यापुढे धरले होते. अंबिकेनं वाकून हुंगलं. गंगेच्या गाळाचा वास होता, आणखी कसला नव्हता. "नाही येत," ती म्हणाली. तरी तो लगेच आत आला नाही. तिच्या बोलण्यावर त्याचा विश्वास होता, हातांवर नव्हता.

खरं तर ते हात दिवसभर कशाला शिवतच नसत. सिकरौलच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाचं बुटांचं दुकान होतं. तिथं ढुंढिराज गिऱ्हाइकांना बूट निवडून देई. त्याच्या हातात एक बारीक वेताची छडी असे. गिऱ्हाईक आलं की तो त्याची चाल बघायचा, पाऊल बघायचा आणि फळीवरच्या एखाद्या पेटीकडे छडी करायचा. सुक्खू नावाचा म्हातारा चांभार ती पेटी काढायचा, बूट काढायचा, साहेबाच्या पायात चढवायचा, नाडी बांधायचा. ढुंढिराजचं बोट चामड्याला कधी लागलं नाही. साहेब त्याला 'पंडित' म्हणे आणि नव्या गिऱ्हाइकांना ती छडीची गंमत दाखवी. गिऱ्हाइकं हसत. ढुंढिराजही थोडं हसे.

संध्याकाळी तो एक्क्यानं मैदागिनपर्यंत येई, दुकानाचा कोट एक्केवाल्याच्या खोलीत ठेवी आणि तिथून अनवाणी घाटावर. स्नान झाल्याशिवाय घरात पाऊल नाही. ब्रह्माघाटाच्या गल्लीनं हे मान्य केलं होतं. म्हणजे नाकं मुरडून मान्य केलं होतं. "दुकानात बसतो, पण चामड्याला शिवत नाही," असं एकजण म्हणे. "नाक कुठं ठेवून येतो?" असं दुसरा विचारी. पण श्राद्धपक्षाला त्याचं पान पंक्तीत मांडलं जाई. शेवटचं पान, दाराजवळचं. त्याला तेवढं पुरत होतं.

कारण त्याला एकच गोष्ट पार पाडायची होती. बापाला अग्नी द्यायचा होता.

बाप, यज्ञेश्वरभट, घरातले आप्पा, घनपाठी. काशीतल्या दक्षिणी ब्राह्मणांत त्यांच्यासारखा घन म्हणणारा त्या काळात कोणी राहिला नव्हता. तीन मुलगे होते. थोरले दोघे प्लेगात एका आठवड्यात गेले. धाकटा ढुंढिराज तापातून उठला तो एका कानानं बहिरा होऊन. बाप त्याला संथा देत. बाप एकदा म्हणणार, मुलानं दोनदा म्हणायचं. उदात्त कुठं, अनुदात्त कुठं, त्याला अर्ध्या कानानं नेमकं उमजत नसे. स्वर चुकला की बाप डोळे मिटून घेत आणि म्हणत, "खोटं बोललास. पुन्हा पहिल्यापासून." मारलं कधी नाही. पुन्हा पहिल्यापासून, एवढंच. दोन वर्षांनी त्यांनी संथा देणं बंद केलं आणि मुलाला मिशनच्या शाळेत जाऊ दिलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आता त्यांचं डावं अंग गेलं होतं. आवाज मात्र तसाच होता, घासूनपुसून ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा. रोज सकाळी ढुंढिराज त्यांना पुसून काढी, कूस बदलून देई, आणि रोज ते म्हणत, "मणिकर्णिकेवर मला अग्नी तू देणार. त्यासाठीच तुला मागं ठेवलाय." दोन मुलगे नेल्याबद्दल देवाशी त्यांनी जो काही हिशेब केला होता, तो या वाक्यात बसला होता.

गल्लीनं टाकलेल्या माणसाच्या घरातलं मरण ढुंढिराजनं पाहिलं होतं. त्याच गल्लीत एका घरावर बहिष्कार होता. त्या घरचा म्हातारा सकाळी गेला. संध्याकाळपर्यंत दारात पडून होता. समोरची दारं बंद. आतून कुजबुज तेवढी ऐकू येई. खांद्याला कोणी नाही, मंत्राला कोणी नाही. शेवटी मुलानं घाटावरची भाड्याची माणसं आणली. ती माणसं गल्लीतून जाताना एकमेकांशी भांगेबद्दल बोलत होती. ते बोलणं ढुंढिराजच्या चांगल्या कानात राहून गेलं. म्हणून छडी, म्हणून बुडी, म्हणून शेवटचं पान.

जर्मनांशी झालेली लढाई संपून काही वर्षं झाली होती. छावणीपलीकडच्या माळावर साहेब लोक गोल्फ खेळत. काठीनं एक चेंडू लोटत मैल मैल चालायचं आणि शेवटी तो भोकात घालायचा. एक दिवस दुकानापुढे बग्गी थांबली आणि दादासाहेब उतरले. विश्वेश्वरराव त्यांचं नाव, पण दादासाहेबच म्हणत सगळे. पेशवाईतल्या कुठल्या सरदाराचे वंशज. दुर्गाघाटाजवळ त्यांची हवेली होती आणि त्यांच्या अन्नछत्रात गल्लीतले वैदिक आणि विद्यार्थी दोन वेळ जेवत. नवे कमिशनर गोल्फचे शौकीन होते आणि दादासाहेबांना रावबहादूर व्हायचं होतं.

"रविवारी खेळायला बोलावलंय," ते मराठीत म्हणाले. साहेबाला समजू नये म्हणून आवाज उगाच खाली आणला होता. "बूट दाखव. अव्वल. ते नवे रबरी तळाचे नकोत. विलायतेत जुने लॉर्ड लोक घालतात ना, तसल्या वळणाचे."

ढुंढिराजनं छडी फिरवली. सुक्खूनं चार जोड समोर मांडले.

"हे काय, बुटाला झालर? मला नाचायचंय का रे?"

"जुनी चाल आहे, दादासाहेब. चिखल नाडीत शिरू नये म्हणून जीभ वरून दुमडतात. तिला कातरून झालर करतात."

"आणि ही भोकं?"

"पाणी निघून जावं म्हणून पाडत पूर्वी. पाणथळ मुलखातली माणसं. आता नुसती नक्षी."

"म्हणजे धनगरांचे बूट लॉर्डांनी उचलले म्हण की!" दादासाहेब हसले. "अच्छा है. आमच्याकडे उलटं, लॉर्डांचे बूट आम्ही उचलतो." मग हसू थांबलं. त्यांनी पाय थोडा मागं घेतला. "गाईचं तर नाही ना?"

ढुंढिराजनं छडीनं दाखवलं. "हे वासराचं. हेही. हे दुरंगी आहे ते, दोन्ही रंग वासराचेच."

दादासाहेबांचा पाय निखाऱ्यावरून उचलावा तसा गालिच्यावरून उचलला गेला.

"हे मात्र हरणाचं," ढुंढिराज म्हणाला.

चौथा जोड मधाच्या रंगाचा होता, मऊ, लव असलेला, झालर बारीक कातरलेली, टाचेवर नक्षीची वेल. दादासाहेब वाकून बघत राहिले. "हरणाचं. म्हणजे मृगाजिनच की. तुझा बाप ज्यावर बसून संध्या करतो ते."

"वरचं हरणाचं, दादासाहेब. तळ बैलाचा. सगळ्याच बुटांचा तळ बैलाचा असतो. हरणाचं कातडं पातळ, खिळे धरत नाही."

दादासाहेबांनी पाय पुढे केला. सुक्खूनं बूट चढवले, नाड्या बांधल्या. दादासाहेब उठून आरशापर्यंत गेले. तळाचे खिळे फरशीवर करकरले. परत येताना त्यांची हनुवटी वर झाली होती आणि चाल बदलली होती. एखाद्या दुसऱ्याच माणसाचे पाय त्यांना मिळाले होते आणि ते सोडवत नव्हते.

"तळ जमिनीला लागतो," ते म्हणाले. "मला नाही लागत."

"दादासाहेब, पण आतून पायाला लागतो तो पदरही—"

"विचारलं तेवढं सांगितलंस ना? मग झालं. बांधून दे."

संध्याकाळी ढुंढिराजनं ही हकिकत बापाला सांगितली. यज्ञेश्वरभट चालत्या अर्ध्या तोंडानं हसले. "तळ जमिनीला लागतो म्हणाला? आणि बैल कशाला लागतो, आकाशाला?" खूप दिवसांनी ते असे हसले होते. हसता हसता त्यांना ठसका लागला.

दादासाहेब काही लपूनछपून बूट घालणार नव्हते. गल्लीत धर्मनिर्णय देणाऱ्या काशीनाथशास्त्र्यांना त्यांनी निर्णय विचारला. मृगाजिन शुद्ध, त्यावर बसून वेद म्हणतात, मग तेच पायात घातलं तर दोष काय? शास्त्रीबुवा हुशार माणूस. अन्नछत्राचं गळकं छप्पर त्याच महिन्यात दादासाहेबांनी दुरुस्त करून दिलं होतं. तरी एक दिवस घाटाच्या पायऱ्यांवर त्यांनी ढुंढिराजला थांबवलं.

"काय रे, ते बूट हरणाचेच ना? तू विकलेस म्हणे."

ढुंढिराज ओला, कुडकुडत उभा होता. 'तळ बैलाचा' हे दोन शब्द तोंडात होते. पण दादासाहेबांचा शब्द त्यानं कसा खोडायचा? आणि दुसरंही काही होतं. हरणाचे बूट शुद्ध ठरले, तर ते विकणाराही थोडा शुद्ध ठरत होता. जन्मात पहिल्यांदा कोणी शास्त्री त्याच्याशी दुकानाबद्दल नाक न मुरडता बोलत होता.

"मी दादासाहेबांना सगळं सांगितलंय," तो म्हणाला.

"मग झालं तर," शास्त्रीबुवा म्हणाले. त्यांना 'हो' ऐकायचं होतं, ते त्यांनी ऐकलं.

निर्णय झाला. दादासाहेब कमिशनरबरोबर खेळू लागले. बूट घालून बग्गीत चढत, घालून उतरत, हवेलीच्या ओसरीवर काढून ठेवत आणि आंघोळ करून अन्नछत्रात पंक्तीला बसत. ढुंढिराजचं पान दारापासून चार पानं आत सरकलं. "काय पंडित, आम्हालाही एक जोड!" असं लोक गल्लीत म्हणू लागले. त्या दिवसांत तो बायकोपुढे तळवे धरत नसे.

मग पाऊस लागला आणि माळ भिजला. बूट भिजून फुगले. नोकरानं ते ओसरीत वाळत घातले. दुपारी गल्लीतल्या कुत्र्यानं त्यातला एक पळवला.

सगळ्यांनी पाहिलं ते. कुत्रं बूट तोंडात धरून दुर्गाघाटाकडून ब्रह्माघाटाकडे निघालं, मागून हवेलीचा नोकर ओरडत, दोन्हीकडच्या ओट्यांवरून बायका पदर सावरत आत पळताहेत. एका बोळाच्या तोंडाशी कुत्रं बसलं आणि त्यानं तळ सोलायला घेतला. शिवण उसवली होती. तळाच्या चामड्याचा पदर सुटून आला तो बोटाएवढा जाड, लाल, ओला. लोक जमले. हात लावायचं कोणी नाही, हाकलायचंही कोणी नाही. सगळे बघत उभे.

विष्णुभट म्हणून एक वैदिक होता, जिभेचा तिखट. तो म्हणाला, "हे हरीण कुठल्या अरण्यातलं हो? नांगर ओढत होतं काय?"

कोणीतरी हसलं. मग हसू आपोआप बंद पडलं, कारण प्रत्येकाला एकाच वेळी आठवलं की तो दादासाहेबांच्या पंक्तीला जेवलेला आहे.

तीन दिवस अन्नछत्राची चूल पेटली नाही. दादासाहेबांनी हवेलीचं दार लावून घेतलं. शास्त्रीबुवांचा निर्णय खोटा पडला होता. दादासाहेबांना दोषी म्हणावं तर छत्र बंद, न म्हणावं तर सगळी गल्ली भ्रष्ट. चौथ्या दिवशी सकाळी शास्त्रीबुवा यज्ञेश्वरभटांच्या खाटेशी येऊन बसले. ढुंढिराज बापाचे पाय पुसत होता. शास्त्रीबुवा बापाशीच बोलले, त्याच्याकडे न बघता.

त्यांनी तोड काढली होती. सभेत ढुंढिराजनं गंगाजळ हातात घेऊन सांगायचं की बूट पूर्ण हरणाचे आहेत असं आपण दादासाहेबांना सांगितलं. म्हणजे दोष सांगणाऱ्याचा. दादासाहेबांना आणि पंक्तीला पंचगव्य पुरे. ढुंढिराजनं क्षौर करायचं, व्रत करायचं, नोकरी सोडायची. मग तोही पंक्तीत. दादासाहेब अन्नछत्रात कोठीचं काम देतील.

"आणि नाही म्हटलं तर?" यज्ञेश्वरभटांनी विचारलं.

"तर त्याला टाकावा लागेल. आणि मग भटजी, तुमच्या वेळेला..." शास्त्रीबुवांनी वाक्य पुरं केलं नाही. ते चांगले गृहस्थ होते.

ते गेल्यावर अंबिका चुलीपाशी म्हणाली, "बोलून टाका. एक वाक्य. गंगेनं काय कमी खोटं ऐकलंय? तुमच्यानं ती आटायची नाही."

"आप्पांना ठाऊक आहे मी तळाचं सांगितलं होतं ते."

"आहे ना. हसले होते की पोटभर. आता हसत नाहीत. रात्रभर भिंतीकडे बघत पडतात आणि खांदेकरी मोजतात. मी ऐकलंय. नावं घेतात एकेकाची." तिनं लाकूड आत सारलं. "तुमच्याकडे आजवर कोणी काय मागितलंय हो?"

जाणारच होता तो. सभेला जायचं, वाक्य म्हणायचं, असं त्यानं ठरवलंही होतं. न्हाव्याला निरोपसुद्धा दिला होता.

सभा अन्नछत्राच्या दालनात भरली. प्रायश्चित्त झालं की लगेच पंगत बसायची म्हणून भिंतीकडेनं पाट मांडून ठेवले होते. आतून भाताचा वास येत होता. तीन दिवसांनी चूल पेटली होती आणि त्या वासानं सगळ्यांचे चेहरे मवाळ झाले होते. दादासाहेब गादीवर, पाय धोतराखाली घेऊन. यज्ञेश्वरभटांना दोघांनी खुर्चीत घालून आणलं. त्यांना सभेत येऊन पुष्कळ दिवस झाले होते. लोक उठून उभे राहिले. म्हाताऱ्यानं उजवा हात वर केला आणि एकेका तोंडाकडे पाहिलं, ओळखून, सावकाश.

ढुंढिराज मध्ये बसला. शास्त्रीबुवांनी त्याच्या ओंजळीत गंगाजळ घातलं.

"म्हण. मी दादासाहेबांना सांगितलं की हे बूट नखशिखांत हरणाच्या कातड्याचे आहेत."

ढुंढिराजनं दादासाहेबांकडे पाहिलं. दादासाहेब अंगठी फिरवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, शरमही नव्हती. कोणीतरी लवकर आटपावं, एवढंच होतं. पाणी बोटांमधून थेंब थेंब गळत होतं.

"बोल रे बाबा," विष्णुभट म्हणाला, "भात थिजायला लागला."

"म्हणेल, म्हणेल. घाई नको," शास्त्रीबुवा म्हणाले. "ढुंढिराज, पहिल्यापासून सांगू का?"

"त्याच्या त्या कानाला ऐकू येत नाही," यज्ञेश्वरभट खुर्चीतून म्हणाले. "मला उजवीकडे घ्या."

दोघांनी खुर्ची उचलून ढुंढिराजच्या चांगल्या कानाशी ठेवली. म्हाताऱ्यानं घसा साफ केला. मग ते वाक्य त्यांनी स्वतः म्हटलं. शब्द सुटे, अक्षर न् अक्षर जागेवर, श्वास जिथं घ्यायचा तिथंच घेतलेला. तो आवाज इतका स्वच्छ होता की दालनातली कुजबुज थांबली. संथा देताना म्हणत तसं एकदा म्हणून ते थांबले आणि मुलानं दोनदा म्हणावं म्हणून वाट बघू लागले.

ढुंढिराजनं वर पाहिलं. बापाचे डोळे उघडे होते. ते त्यांनी मिटले नव्हते. त्या डोळ्यांत एवढी भीती होती की तिच्यापुढे दुसरं काही उरलंच नव्हतं. मुलगा नव्हता, वेद नव्हता, फक्त गल्लीतून चाललेली एक तिरडी आणि तिच्याखाली कोण आहे ते बघणारे दोन डोळे.

"म्हण, ढुंड्या," ते म्हणाले. "मला अग्नी द्यायचाय ना तुला?"

ओंजळ मोकळी झाली. उरलेलं पाणी फरशीवर पडलं आणि पाटांच्या दिशेनं थोडं वाहत गेलं. जवळच्या दोघातिघांनी आपले पाय आखडून घेतले. ढुंढिराज उठला. बापाच्या गुडघ्यावरचं उपरणं घसरलं होतं, ते त्यानं नीट केलं. मग खुर्चीला वळसा घालून, मांडलेल्या पाटांमधून वाट काढत तो दाराशी गेला आणि बाहेर पडला.